वर्दीआडचा संपर्क : नागरिकाचा नकार आणि कायदा

पोलिसाचा नागरिकाशी येणारा संबंध दोन प्रकारचा असतो. एक कर्तव्यातून येतो: तपास, पडताळणी, बंदोबस्त, नोटीस, अटक. दुसरा कर्तव्यामुळे झालेल्या ओळखीचा फायदा घेऊन लादला जातो: काम संपल्यावरही येत राहणारे फोन, रात्री अकरानंतरचे मेसेज, 'सहज' म्हणून घरावरून मारलेली चक्कर, हातात कागद न देता सोडलेले 'चौकीत येऊन जा' हे फर्मान. पहिल्या प्रकारात सहकार्य करणे हे नागरिकाचे कर्तव्य असते. दुसऱ्यात नकार देणे हा त्याचा हक्क असतो. अडचण अशी, की दोन्ही संपर्क एकाच माणसाकडून, त्याच वर्दीत आणि पुष्कळदा त्याच मोबाइल नंबरवरून येतात. त्यामुळे ज्याला किंवा जिला हा त्रास होतो, त्याला वा तिला पहिला प्रश्न पडतो तो हाच: नाही म्हटले तर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात आहे आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कायद्याने पोलिसाला जो अधिकार दिला आहे तो त्याच्या हुद्द्याला नव्हे, कामाच्या हेतूला जोडलेला आहे, आणि त्या हेतूचा लेखी माग ठेवण्याचे बंधनही त्याच कायद्याने घातले आहे. जेथे हेतू सांगता येत नाही आणि कागदही नाही, तेथे वर्दीचे संरक्षण संपते. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. या व्याख्यानात कलमांचे क्रमांक त्यांचेच आहेत.

संपर्क कोठून सुरू होतो

नकोशा संपर्काची सुरुवात बहुतेक वेळा अगदी कायदेशीर असते. पासपोर्टचा अर्ज केला की पडताळणीसाठी अर्जदाराचा पत्ता आणि मोबाइल नंबर पोलीस ठाण्यात जातो. भाडेकरूची माहिती, चारित्र्य पडताळणीचा दाखला, हरवलेल्या मोबाइलची तक्रार, अपघाताचा पंचनामा, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, या सगळ्यांत नाव, वय, पत्ता, फोन, कुटुंबात कोण कोण आहे, नवरा कोठे असतो, ही माहिती ठाण्यातल्या एखाद्या अंमलदाराच्या हाती येते. ती ज्या कामासाठी आली त्या कामापुरतीच वापरायची असते. पडताळणीचा अहवाल वर गेल्यावर 'काम झालं बरं का मॅडम' असा मेसेज येणे समजण्यासारखे आहे. त्यानंतर 'जेवण झालं का', 'डीपी छान आहे', 'एकट्याच राहता का' असे मेसेज सुरू झाले, तर त्यांचा पडताळणीशी काही संबंध उरलेला नसतो.

या प्रकारात सर्वाधिक सापडतात त्या आधीच अडचणीत असलेल्या स्त्रिया. नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेली स्त्री, जिचा मुलगा कोठडीत आहे अशी आई, परगावाहून येऊन एकटी राहणारी नोकरदार मुलगी, बारमध्ये किंवा देहविक्रयात असलेली स्त्री. यांची कामे ठाण्यात अडकलेली असतात, म्हणून फोन उचलणे त्यांना भाग पडते आणि हे त्या अंमलदाराला ठाऊक असते. खेड्यात आणखी एक गोष्ट असते. बीट अंमलदार गावात येतो तो पोलीस पाटलाकडे चहा घेतो, सरपंचाशी बोलतो. तो एखाद्या घरी वारंवार जाऊ लागला, तर गाव त्या घराकडे बघू लागते, त्याच्याकडे नव्हे.

पुरुषांनाही हा त्रास होतो, पण त्याचे रूप निराळे असते. हप्त्यासाठी फेरीवाल्याला वारंवार फोन करणे, दिवाणी स्वरूपाच्या पैशाच्या वादात एका बाजूने 'समज देण्यासाठी' बोलावणे, एकदा संशयित म्हणून नाव आले की प्रत्येक सणाला ठाण्यात बसवून ठेवणे, हे त्यातले नेहमीचे प्रकार.

कायदेशीर बोलावणे कसे असते

नको असलेला संपर्क ओळखायचा तर आधी रीतसर संपर्क कसा असतो ते माहीत हवे. तपासासाठी साक्षीदाराला बोलवायचे असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपास अधिकाऱ्याने लेखी आदेश द्यावा लागतो. तोही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्या व्यक्तीलाच. याच कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे: कोणतीही स्त्री, पंधरा वर्षांखालील किंवा साठ वर्षांवरील पुरुष, शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि तीव्र आजारी व्यक्ती यांना त्यांच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्यास सांगता येत नाही. चौकशी करायची तर पोलिसांनी घरी यायचे. त्या व्यक्तीची स्वतःची तयारी असेल तरच ती ठाण्यात जाऊ शकते.

हा नियम नवा नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्ये तो होताच. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली या तरतुदीच्या भंगाबद्दल नापसंती व्यक्त केली. मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या स्त्रीच्या बाबतीतही जो नियम पाळला गेला नाही, तो सामान्य बाईच्या बाबतीत किती पाळला जात असेल याचा अंदाज करता येतो. मात्र तो मोडणे हा आता केवळ शिस्तभंग राहिलेला नाही. चौकशीसाठी एखाद्याला हजर राहण्यास सांगण्यास कायद्याने मनाई असताना जो लोकसेवक जाणूनबुजून तसे सांगतो, त्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सश्रम कारावास व दंड होऊ शकतो.

ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे, पण अटकेची गरज नाही, त्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची नोटीस दिली जाते. ही नोटीस मिळाल्यावर हजर राहणे बंधनकारक आहे. मात्र नोटीस कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच बजावली पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केले आणि साक्षीदारांना बोलावण्याच्या आदेशांनाही हीच शिस्त लावली. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख असली पाहिजे, हा दंडक डी. के. बसू प्रकरणाच्या निकालापासूनचा. आज तो संहितेतच आहे.

थोडक्यात, खऱ्या तपासाला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, तपासी अंमलदाराचे नाव असते, कलम असते, तारीख-वेळ असते. 'साहेबांनी बोलावलंय' एवढ्यावर कोणीही ठाण्यात जाण्यास बांधील नाही. अशा वेळी शांतपणे विचारायचे प्रश्न तीनच: कोणत्या प्रकरणात, कोणत्या कलमाखाली, आणि लेखी नोटीस कधी मिळेल. फोन करणाऱ्याचे काम खरे असेल तर या प्रश्नांनी त्याचे काही बिघडत नाही.

दारावरची थाप : पाळतीचा इतिहास

पोलिसाने नागरिकाच्या दाराशी किती यावे, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या न्यायालयापुढे लवकरच आला. उत्तर प्रदेशातील खडक सिंग याला दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडले होते, तरी त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली गेली. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावत, ओरडून झोपेतून उठवत, घरात शिरत. गावाबाहेर जायचे तर चौकीदाराला सांगून जावे लागे. १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने मान्य केले नाही. न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवून पाळतीची सगळीच तरतूद नाकारली. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि जुन्या निकालाचा तेवढा भाग पुसून टाकला.

महाराष्ट्राला या इतिहासाची वेगळी ओळख आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांत पारधी, कैकाडी, भामटा, उचल्या अशा जमाती होत्या. त्यांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत हा त्याच व्यवस्थेचा भाग. कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे ही सवय गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाने पोलिसांच्या धाडींखाली वाढलेले बालपण मराठी वाचकांसमोर ठेवले. पालावरच्या बायकांना पोलिसांचा जो त्रास झाला, तो कोणत्याही तपासाच्या कागदावर आलेला नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात हिस्ट्रीशीटबद्दल बोलताना मागास आणि वंचित समाजांतील निरपराध माणसांची नावे अशा नोंदींत यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत, असे बजावले आणि सर्व राज्यांना आपली धोरणे तपासायला सांगितली.

पाठलाग, छळ आणि वर्दीचा अपवाद

स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही तिच्याशी वैयक्तिक संबंध वाढवण्यासाठी पुरुषाने वारंवार संपर्क साधणे, तिच्या मागे जाणे, किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणे, हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आहे.

या कलमात पोलिसांच्या दृष्टीने एक अपवाद आहे, आणि सगळा वाद तेथेच होतो. गुन्हा रोखण्याची किंवा उघड करण्याची जबाबदारी राज्याने ज्याच्यावर सोपवली आहे, त्याने त्या कामासाठी केलेली कृती पाठलाग ठरत नाही. अपवादाच्या दोन अटी एकत्र वाचाव्या लागतात: जबाबदारी सोपवलेली असली पाहिजे, आणि कृती त्याच कामासाठी असली पाहिजे. पोलीस असणे ही पहिली अट भागवते, दुसरी नाही. शिवाय हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. कोणत्या गुन्ह्याचा तपास चालू होता, स्टेशन डायरीत कोणती नोंद आहे, तिला फोन करण्याचा आदेश कोणी दिला, हे त्याने दाखवायचे. रात्रीच्या चाळीस मेसेजना गुन्हा रजिस्टर नंबर देता येत नाही.

इतर कलमेही लागू होऊ शकतात. लैंगिक शेरे, शरीरसंबंधाची मागणी, इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे दाखवणे यांसाठी कलम ७५. स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणारा शब्द, हावभाव वा तिच्या खासगीपणात घुसखोरी यांसाठी कलम ७९. अंगाशी झटापट झाली तर कलम ७४. 'केसमध्ये अडकवीन' अशी धमकी दिली तर कलम ३५१. पडताळणीचा अहवाल किंवा तपासातील सवलत यांच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी झाली, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचाही विचार होतो. त्या कायद्यातील लाभ पैशाच्याच रूपात असला पाहिजे असे नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक अशा प्रसंगीही उपयोगी पडतो.

न्यायालयांनी या विषयावर काय म्हटले ते दोन निकालांवरून दिसते. १३ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री भिवंडीत एक पोलीस निरीक्षक गणवेशात एका स्त्रीच्या झोपडीत गेला, त्याने शरीरसंबंधाची मागणी केली आणि नकारानंतर बळजबरीचा प्रयत्न केला, असा आरोप होता. तिने आरडाओरडा केला, नवरा आणि शेजारी जमले. निरीक्षकाने मात्र आपण दारूबंदीच्या छाप्यासाठी गेलो होतो असा कागद तयार केला. खातेनिहाय चौकशीत तो दोषी ठरला आणि नोकरीवरून काढला गेला. पुढे उच्च न्यायालयाने त्या स्त्रीचे चारित्र्य पुढे करून तिच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी घालवणे धोक्याचे मानले आणि शिक्षा रद्द केली. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर' या प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन मोडीत काढला. स्त्रीचे चारित्र्य कसेही असो, तिला खासगीपणाचा हक्क आहे, वाटेल तेव्हा कोणी तिच्या घरात वा अंगाशी येऊ शकत नाही, आणि केवळ त्या कारणाने तिची साक्ष फेकून देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भिवंडीच्या प्रकरणात खोटा छापा हाच वर्दीच्या अपवादाचा आधार होता. तो कोसळला, कारण शेजारी वेळेवर जमले होते.

दुसरे प्रकरण पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांचे. जुलै १९८८ मध्ये चंदीगडच्या एका मेजवानीत त्यांनी आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांच्याशी केलेल्या वर्तनाची तक्रार झाली. उच्च न्यायालयाने ती बाब क्षुल्लक मानून गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो पुन्हा उभा केला: स्त्रीच्या विनयाचा भंग ही क्षुल्लक बाब असू शकत नाही. गिल दोषी ठरले आणि २००५ साली ती दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. तक्रारदार स्वतः वरिष्ठ सनदी अधिकारी असूनही सतरा वर्षे लागली, हेही या प्रकरणातून लक्षात घ्यावे लागते.

नकार आणि पुरावा

पाठलागाच्या कलमात 'स्पष्ट नापसंती' हा घटक आहे, म्हणून नकार एकदा तरी स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो लेखी दिलेला असावा. तो लांबलचक किंवा रागाचा असण्याची गरज नाही. 'माझ्या पासपोर्टचे काम पूर्ण झाले आहे. यापुढे मला वैयक्तिक फोन वा मेसेज करू नयेत. शासकीय काम असल्यास लेखी नोटीस पाठवावी.' एवढा मेसेज पुरेसा आहे. त्यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे: सहकार्य नाकारले असा कांगावा करण्यास ते जागा ठेवत नाही. भीतीमुळे इतके लिहिणे शक्य नसेल, तर उत्तर न देणे, फोन न उचलणे, विषय टाळणे यांतूनही नापसंती दिसते. न्यायालय एकूण वागणूक पाहते. मात्र सौजन्य म्हणून पाठवलेला हसरा इमोजी पुढे वकिलाच्या हातात पडतो, हेही लक्षात ठेवावे.

पुराव्यात पहिला नियम म्हणजे काही पुसू नये. नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे मेसेज, मिस्ड कॉल, स्टेटसवरचे शेरे जपून ठेवावेत. स्क्रीनशॉट उपयोगी असला तरी मूळ फोन अधिक मोलाचा. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. स्वतः ज्यात सहभागी आहोत तो फोन रेकॉर्ड करण्यास हरकत नाही. मुंबईचे कोरोनर आर. एम. मलकानी यांच्या लाचेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच एका पक्षाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून स्वीकारले होते. पोलीस ठाण्यातील संभाषणाचे चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते कायदा लागत नाही, कारण ठाणे हे त्या कायद्यातील प्रतिबंधित ठिकाण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितले.

अधिकारी घरी आला तर नेमप्लेटवरचे नाव, बक्कल नंबर, ठाण्याचे नाव, गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. दार पूर्ण न उघडता, शेजाऱ्याला हाक मारून, जाळीच्या दारातूनच बोलणे ही उद्धटपणाची गोष्ट नाही. भिवंडीत शेजारी आले नसते तर छाप्याची कथा टिकली असती. ठाण्यात काही घडले असेल तर सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी लगेच, लेखी करावी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, ठेवण्याचा आदेश दिला आहे.

तक्रार कोठे आणि कशी

ज्या ठाण्यातल्या माणसाविरुद्ध तक्रार आहे त्याच ठाण्यात जावे लागते, हा समज चुकीचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. वर सांगितलेल्या स्त्रीविरोधी गुन्ह्यांत स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली ठरले. नव्या संहितेने तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे.

प्रत्यक्षात होते ते असे. ठाणे अंमलदार तक्रार ऐकतो, 'एनसी घेऊन टाकू', 'साहेब त्याला समज देतील', 'त्याची लेकरंबाळं आहेत' असे सांगतो. संबंधिताची दुसऱ्या ठाण्यात बदली होते आणि विषय मिटल्याचे जाहीर होते. म्हणून तोंडी तक्रारीवर न थांबता अर्ज लिहून द्यावा, आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच मिळत नसेल तर नोंदणीकृत टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्त वा आयुक्तांना पाठवावा. तरीही गुन्हा नोंदला नाही तर कलम १७३ (४) प्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लोकसेवकाविरुद्ध असा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे विचारात घ्यावे लागते. नव्या संहितेने घातलेला हा टप्पा तक्रारदाराचा वेळ खातो.

खटल्यासाठी सरकारची मंजुरी लागते, हा दुसरा धाक. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीसाठी ती लागते, हे खरे. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ च्या स्पष्टीकरणात लैंगिक छळ, विनयभंग, पाठलाग आणि न्याय संहितेच्या कलम १९९ चा गुन्हा यांसाठी मंजुरीची गरज नाही, असे नमूद आहे. इतर गुन्ह्यांतही सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असे मानले जाते. मुदतीकडे मात्र लक्ष हवे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्यांबद्दलचा खटला सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे असे सांगते. खासगी मेसेज हे अधिकाराच्या आडून केलेले कृत्य नव्हे, असा युक्तिवाद करता येतो, पण वादाला जागा न ठेवता सहा महिन्यांच्या आत हालचाल केलेली बरी.

फौजदारी मार्गाबरोबर खात्याचा मार्गही खुला असतो, आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. खातेनिहाय चौकशीत पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते, म्हणून निकाल लवकर लागू शकतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पीडित स्त्री तेथे नोकरीला असली पाहिजे अशी अट नाही. तक्रार घेऊन ठाण्यात आलेल्या स्त्रीला तेथे छळ सोसावा लागला तर ती पोलीस दलाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करू शकते. प्रकाश सिंग प्रकरणातील २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय स्तरावर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. अधिकाराचा गंभीर गैरवापर त्यांच्या कक्षेत येतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जाता येते, राज्य महिला आयोगही दखल घेतो. तातडीचा धोका असेल तर ११२ वर केलेला फोन नोंदला जातो, आणि ती नोंद पुढे पुरावा ठरते.

खात्यातील स्त्रिया

नकोसा संपर्क सहन करणाऱ्यांत पोलीस दलातील स्त्रियाही असतात, आणि त्यांची अडचण दुहेरी असते. ड्यूटी, रजा, बदली आणि गोपनीय अहवाल ज्याच्या हाती, तक्रारही त्याच्याविरुद्धच. तामिळनाडूत २०२१ साली एका महिला आयपीएस अधिकाऱ्याने विशेष पोलीस महासंचालकाविरुद्ध तक्रार केली. तक्रार देण्यासाठी चेन्नईकडे निघालेल्या तिच्या गाडीला वाटेत टोलनाक्यावर पोलिसांनीच अडवले. जून २०२३ मध्ये विलुपुरमच्या न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि गाडी अडवणाऱ्या पोलीस अधीक्षकालाही दंड केला.

तोतया पोलीस

काही वेळा संपर्क साधणारा पोलीस नसतोच. कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले, आधार क्रमांकावरून गुन्हा झाला, असे सांगून व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसलेला माणूस 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचे जाहीर करतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि पैसे भरायला लावतो. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची पद्धत नाही आणि तपासासाठी कोणतेही पोलीस खाते नागरिकाला बँक खात्यात रक्कम भरायला सांगत नाही. फोन बंद करावा, संबंधित ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून खात्री करावी आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे. कागद मागण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

खात्याची जबाबदारी

नागरिकाने नकार द्यावा, पुरावा जपावा, पायऱ्या चढाव्यात, हे सगळे सांगताना ओझे तिच्याच डोक्यावर राहते. ते हलके करण्याचे उपाय खात्याच्या हातात आहेत आणि ते खर्चिक नाहीत. पडताळणी आणि तक्रारदारांशी संपर्क वैयक्तिक मोबाइलऐवजी ठाण्याच्या नोंद होणाऱ्या क्रमांकावरून करणे, काम संपल्यावर अंमलदाराच्या हातची संपर्कमाहिती काढून घेणे, स्त्रीच्या घरी जाताना महिला कर्मचारी सोबत असणे आणि त्या भेटीची स्टेशन डायरीत नोंद असणे, तक्रार आलेल्या अंमलदाराची नुसती बदली न करता चौकशी पूर्ण करणे. कोणाच्याही कॉल तपशिलांची मागणी अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच व्हावी, ही शिस्त प्रत्येक मागणीचा नियमित हिशेब घेतला तरच टिकते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लैंगिक हेतूने केलेला पदाचा गैरवापर गंभीर भ्रष्टाचार मानला जातो, आणि पोलिसाने अधिकारांचा वा विशेषाधिकारांचा भ्रष्ट किंवा अनुचित वापर केल्यास २०१५ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. तेथे त्या कृत्याकडे वैयक्तिक चूक म्हणून न पाहता संस्थेच्या अधिकाराची चोरी म्हणून पाहिले जाते. आपल्याकडे कायद्याची सामग्री कमी नाही. कलम ७८ चा अपवाद अरुंद आहे, कलम १९९ ला दात आहेत, मंजुरीची ढाल काढून घेतलेली आहे. उणीव आहे ती पहिल्या अर्जापाशी. ठाणे अंमलदाराने त्या अर्जावर आवक क्रमांक घातला, की पुढची सगळी कलमे कामाला लागू शकतात. तो घातला नाही, तर त्यांतले एकही कलम जागचे हलत नाही. म्हणून अशा अर्जाची पोच मिळाली की नाही, याची तपासणी ही प्रत्येक अधीक्षकाच्या ठाणे-भेटीतील पहिली बाब असायला हवी.